तारखेच्या चिठ्ठीवरचा वाचक

सार्वजनिक वाचनालयाचं एखादं जुनं पुस्तक हातात आलं, तर आधी मागचा पुठ्ठा उघडून पाहा. आतल्या बाजूला खळीनं डकवलेली तारखेची चिठ्ठी असते. वर दाखल क्रमांक, खाली रकाने आणि रकान्यांत रबरी शिक्क्यानं उठवलेल्या निळ्या-जांभळ्या तारखा. पुस्तक चालणारं असेल तर चिठ्ठी भरते, तिच्यावर दुसरी डकवतात, मग तिसरी, आणि तेवढ्या जागी पुठ्ठा फुगतो. न चालणाऱ्या पुस्तकाची चिठ्ठी कोरीच पिवळी पडते. मराठी माणसं काय वाचत होती, याचा याहून खरा पुरावा मला तरी माहीत नाही.

वाङ्मयाच्या इतिहासात थोर पुस्तकांची नोंद मिळते. पण एखादी कादंबरी गावातल्या किती घरांत गेली, कुणी ती दोनदा नेली, कुणी चार दिवसांतच परत आणून टेबलावर ठेवली, हे तिथं सापडत नाही. माझी सगळी नोकरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, देवघेवीच्या टेबलामागे झाली. आधी सहायक होते, पुढे ग्रंथपाल झाले. त्या टेबलावर पुस्तकांविषयी जे ऐकलं, त्याची मुळं शोधत मी बरीच मागे गेले.

छापील पुस्तक येण्याआधी पोथी होती. एकानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. श्रावणात ‘हरिविजय’ नाहीतर ‘पांडवप्रताप’ लागायचा. पोथी कशी वाटली, असं कुणी कुणाला विचारत नसे. ऐकून झाल्यावर हात जोडायचे, ही रीत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं, तेव्हा लोकांना पहिला प्रश्न पडला तो मजकुराचा नव्हे, शाईचा. शाईत चरबी असते, मग असा कागद सोवळ्यात शिवायचा कसा? म्हणून धर्मग्रंथांसाठी तूप घालून शाई केली गेली. आपल्याकडे छापील पुस्तकाविषयीचं मत इथून सुरू झालं.

वाचनालयं निघाली ती याच काळात. रत्नागिरीचं १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं. १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकारानं पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी उभी राहिली, तीच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. या संस्थांच्या पायऱ्या चढणारा वाचक ठरलेला होता: सरकारी नोकर, वकील, इंग्रजी शिकलेला विद्यार्थी. तो तिथं वर्तमानपत्र वाचायला जाई. मराठीत वाचण्याजोगं गद्य अजून थोडंच होतं आणि त्याच्या घरातल्या बायकांचा या पायऱ्यांशी काही संबंध नव्हता.

१८६० नंतर मात्र चित्र पालटलं. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या आणि त्या पुढे घरोघर पोचल्या. १८६७ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ निघालं. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी त्यातच क्रमशः आली. १८७४ मध्ये कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ‘निबंधमाला’ काढली आणि पुस्तकावर परखडपणे लिहिण्याची ताकद मराठीला दाखवून दिली. त्यांची लेखणी मला आवडते. पण हे सगळं लिहिणारी माणसं वाचकाला काय आवडावं ते सांगत होती. त्याला काय आवडलं, ते त्यालाच विचारायची वेळ अजून आली नव्हती. मे १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांची सभा भरवली, आज तिला आपण पहिलं साहित्य संमेलन म्हणतो. तिचं बोलावणं ग्रंथकारांना होतं.

त्या सभेबाहेरही पुस्तकांवर मतं होती, आणि ती फार स्पष्ट होती. १८८५ च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं. जे लोक सर्व माणसांचे हक्क खुशीनं मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. हेच जोतीराव ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून होत असताना तो मुंबई, पुणे, ठाण्यापासून जुन्नर, ओतूर, हडपसरपर्यंत लोकांना वाचून दाखवत होते. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्याच समोर बसून वाचायचं आणि तिथल्या तिथं त्यांचं मत घ्यायचं, अशी ती पद्धत. अक्षरओळख नसलेला माणूसही पुस्तकाचा वाचक असतो, हे त्यांनी कृतीनं दाखवलं.

माझ्या मते मराठीतली पहिली खरी वाचक बुलढाण्याची. ताराबाई शिंदे. १८८२ मध्ये त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ निघालं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांवर जी झोड उठवली होती, तिला ते उत्तर. पण वाचनालयात काम केलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ताराबाई ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ आणि ‘मनोरमा’ नाटक यांची नावं घेऊन बोलतात. त्या काळी हातोहात फिरणारी ही पुस्तकं त्यांनी वाचली होती आणि त्यांतल्या बायका अशा का रंगवल्यात, हे त्यांना लेखकांना विचारायचं होतं. विद्वानांनी या कादंबऱ्यांना नावं ठेवली ती अद्भुताच्या सोसापायी. ताराबाईंनी जाब मागितला तो स्वतःच्या जगण्याशी पडताळून. हे खरं आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली आणि जोतीराव त्यांच्या बाजूनं आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत उभे राहिले. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. ताराबाईंनी विचारलेला प्रश्न मी टेबलावर कित्येक बायकांच्या तोंडून ऐकला आहे. “ताई, असं कुठं असतंय व्हय?” असं म्हणून पुस्तक माझ्याकडे सरकवणाऱ्या बाईला ताराबाईंचं नावही माहीत नसायचं.

घरात बाईनं पुस्तक उघडणं किती जड होतं, ते रमाबाई रानड्यांच्या आठवणींत वाचायला मिळतं. पती शिकवायला उत्सुक आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा त्यालाच विरोध. काशीबाई कानिटकरही अशाच वातावरणात वाचायला शिकल्या आणि कादंबरीकार झाल्या. अशा वाचकांसाठी हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढलं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. यमुनेची ती कहाणी आमच्याकडे अजूनही जाते. चिठ्ठीवर वर्षाला एखाददुसरी तारीख पडते, पण पडते.

पुस्तक वाचकाच्या दारी नेण्याचं मोठं काम बडोद्यात झालं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. वाचायला शिकलेल्यांना पुढे वाचायला काही नसेल तर ते शिकलेलं विसरतील, हा त्यांचा साधा आणि अचूक विचार. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं आणि पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवण्याची व्यवस्था झाली. आमच्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, तो देशातला पहिला. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तिकडे मुंबई-ठाण्याच्या बाजूला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) या मोठ्या संस्थांच्या बरोबरीनं गल्लीबोळांत खासगी लायब्रऱ्या उगवल्या. जिन्याखालची जागा, दोन फळ्या, महिन्याची वर्गणी. तिथलं राज्य बाबूराव अर्नाळकरांचं. झुंजार, काळा पहाड अशा नायकांच्या रहस्यकथा त्यांनी हजारावर लिहिल्या. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, भयकथांचे नारायण धारप आले, पुढे सुहास शिरवळकर. समीक्षकांनी या पुस्तकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ही मला मोठी चूक वाटते. गिरणीतल्या पाळीवरून आलेल्या माणसाला वाचायची सवय लावली ती याच पुस्तकांनी. आमच्या वाचनालयातल्या अर्नाळकरांच्या प्रती इतक्या वेळा बांधून घ्याव्या लागल्या, की शिलाईत समास गेला आणि ओळींचे शेवटचे शब्द बोटानं पान ताणून वाचावे लागत. काही प्रतींत पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असे, आणि त्याच्याखाली पुढच्या वाचकाची शिवी.

समासातल्या या लिखाणाला नियमानं बंदी. ‘पुस्तकात काही लिहू नये’ असा शिक्काच असतो, आणि बहुतेक वेळा त्या शिक्क्याच्या शेजारीच लोक लिहितात. खाडाखोड करणाऱ्यांना मी रागावलेही आहे. पण वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ची आमची एक जुनी प्रत मी कधीच खोडरबरानं साफ केली नाही. १९५९ ची ही कादंबरी, १९७४ चं ज्ञानपीठ तिला मिळाल्यावर मागणी एकदम वाढलेली. शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘देवयानीचंच बरोबर.’ खाली निळ्या शाईत, ‘मग शर्मिष्ठेनं काय पाप केलं?’ त्याखाली तिसरं अक्षर, थोडं तिरपं, ‘दोघींची चूक नाही, चूक त्याची.’ आणि सगळ्यांत खाली पेन्सिलनं, ‘आमच्या घरात हेच आहे.’ चौघंही एकमेकांना ओळखत नसावेत. तारखांवरून पाहिलं तर या चार ओळींमध्ये काही वर्षांचं अंतर पडलं असणार. मी कॉलेजात ‘ययाति’वर शिकले, लेखही वाचले, पण ती कादंबरी वाचकांच्या आयुष्यात काय करत होती, ते मला त्या पानानं सांगितलं.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ला आमच्याकडे कधी खंड नाही. १९६७ पासून. सावंत आजऱ्याचे, त्यामुळे जिल्ह्याला ते आपले वाटतात, पण कारण तेवढंच नाही. आपल्याला हक्काचं मिळालं नाही असं ज्याला वाटतं, तो प्रत्येक जण कर्ण मागायला येतो. ‘कोसला’ची चिठ्ठी याच्या अगदी उलट. १९६३ ची कादंबरी, पण आमच्या प्रतीवर पहिली कित्येक वर्षं तारखा तुरळक, आणि मग एकाएकी गर्दी, सगळी कॉलेजच्या पोरांची. ‘श्यामची आई’च्या प्रती मे महिन्यात एकही शिल्लक राहात नाहीत. पु. ल. परत येतात ते पानं सुटून. दिवाळी अंकांचं तर वेगळंच. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. आज कित्येक वाचनालयं निराळी वर्गणी घेऊन ते अंक उन्हाळ्यापर्यंत फिरवतात. त्या महिन्यांत टेबलावर जितकी साहित्यचर्चा होते तितकी वर्षभरात होत नाही.

१९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि अनुदान सुरू झालं. त्यानं गावोगावची वाचनालयं तगली, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण अहवालात आम्ही मांडतो ते आकडे: सभासद किती, पुस्तकं किती, रोजची देवघेव किती. कोणतं पुस्तक गेलं आणि परत करताना माणूस काय बोलला, याला रकाना नाही.

आज माझ्या जुन्या टेबलावर काय मागतात? सुधा मूर्तींची भाषांतरं, अच्युत गोडबोले, श्रीमंत कसं व्हावं ते सांगणारी पुस्तकं, आणि अजूनही ‘पानिपत’, अजूनही ‘मृत्युंजय’. शेजारची अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी पहाटेपासून भरलेली असते. वाचन संपलं, अशी हाकाटी मला मान्य नाही. ती मुलं अभ्यासाला कंटाळली की उठून कपाटापाशी येतात आणि उभ्या उभ्या दहा पानं वाचतात. घरी मात्र नेत नाहीत, म्हणून त्यांची तारीख कुठंच पडत नाही.

आता देवघेव संगणकावर आली आहे आणि ते चांगलंच झालं. पण त्यापायी जुनी देवघेव रजिस्टरं रद्दीत जाताहेत. निर्लेखनात बाद झालेली पुस्तकं चिठ्ठीसकट किलोवर विकली जाताहेत. वाचनालयांच्या कार्यकारिणीतल्या सगळ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुस्तक बाद करा, पण त्याआधी चिठ्ठी सोडवून घ्या, दाखल क्रमांक लिहून पाकिटात ठेवा. समासात कुणी काही लिहिलं असेल तर त्या पानाचा फोटो काढा. जुनी रजिस्टरं जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला द्या. आणि तुमच्या घरी एखाद्या बंद पडलेल्या लायब्ररीच्या शिक्क्याचं पुस्तक असेल, तर नवं कव्हर घालताना मागचं ते पान कृपा करून फाडू नका.