सुतार, शिकलगार आणि गिटार

वाद्यांचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो तो बहुधा वाजविणाऱ्यांचा इतिहास असतो. कोणत्या गवयाचा गुरू कोण, घराणे कोणते, कोणत्या दरबारी त्याला मान मिळाला, हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. परंतु त्याच्या मागे जो तानपुरा झंकारत होता तो कोणी घडविला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. म्हणून आज वाजविणाऱ्यांना थोडे बाजूला ठेवून घडविणाऱ्यांकडे वळावयाचे आहे, आणि त्यासाठी मी मुद्दाम गिटार हे वाद्य निवडले आहे. फावल्या वेळात, सुतारकामाचा छंद म्हणून घरी गिटार बनविणारी माणसे आज जगभर आहेत. हा विषय प्रथमदर्शनी परका आणि किरकोळ वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक जुना आणि महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे. वाद्य घडविण्याचा अधिकार कोणाचा? ज्याच्या घराण्यात तो धंदा आहे त्याचा, की ज्याच्या हातात कसब आहे त्याचा?

ताथवड्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न विचारण्याला विशेष अर्थ आहे. मावळपट्ट्यातल्या गावांतून सुतार हा बलुतेदार होता. नांगर, कुळव, मोटेचे सामान, बैलगाडीचे चाक ही त्याची कामे. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, पुढे भोवताली औद्योगिक वसाहत वाढली, आणि २००९ मध्ये ताथवडे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, गाडीचे चाक लोखंडी झाले. बलुते गेले तेव्हा बलुतेदाराच्या हातातल्या कसबाचे काय झाले, ह्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आता तीच पाळी यंत्रावर काम करणाऱ्या कामगारावर येत आहे. हाताचे एक काम संपले की तो हात निरुपयोगी होतो काय? गिटारीचा इतिहास ह्या प्रश्नाला उत्तर देतो.

जर्मनीत सॅक्सनी प्रांतामध्ये मार्कनॉयकिर्शन नावाचे गाव आहे. वाद्ये बनविण्याबद्दल ते कित्येक पिढ्या प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे एक मोठा झगडा माजला. व्हायोलिन बनविणाऱ्यांचा एक संघ होता, आणि लाकडी सामान बनविणाऱ्या सुतारांचा दुसरा. गिटार हे त्या मानाने नवे वाद्य, आणि ते सुतार बनवीत. व्हायोलिनवाल्यांनी तक्रार केली की आम्ही कलावंत आहोत, हे तर नुसते कपाटे-पेट्या करणारे. ह्यांना वाद्ये बनविण्याची मनाई झाली पाहिजे. हा वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर सुतारांनी आपला हक्क राखला, परंतु त्यांच्यापैकी एक तरुण ह्या भांडणाला विटून गेला होता. व्हिएन्नामध्ये योहान श्टाउफर ह्या नामांकित कारागिराच्या हाताखाली शिकलेला हा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ साली अमेरिकेला निघून गेला. १८३९ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झाला. त्याच्या नावाचा कारखाना आजही तेथेच आहे. ज्याला सुतार म्हणून हिणवले, त्याच्याच नावाने पुढे तारांची गिटार ओळखली गेली.

स्पेनमधले उदाहरण ह्याहून बोलके आहे. आंतोनियो दे तोर्रेस हा १८१७ साली आल्मेरियाजवळ जन्मला आणि लहानपणी सुतारकामच शिकला. आजच्या अभिजात गिटारीचे माप आणि घडण बव्हंशी त्याने ठरविली. गिटारीच्या वरच्या पातळ फळीला आपण तबली म्हणू. तिच्या आतल्या अंगाला पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या पट्ट्या चिकटविण्याची रीत त्याच्या आधीही होती, परंतु तिला प्रमाणबद्धता आणली ती त्याने. आवाज तबलीतून येतो, पाठीचे आणि कडांचे काम दुय्यम आहे, असे त्याचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी १८६२ साली त्याने एक गिटार अशी बनविली की तिची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या होत्या! आणि हाच तोर्रेस पुढे उत्पन्न पुरेना म्हणून आल्मेरियात चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान घालून बसला. काही वर्षांनी दुकान सांभाळून उरलेल्या वेळात तो पुन्हा गिटारी करू लागला आणि १८९२ मध्ये मरेपर्यंत करीत राहिला. दुकानदारी हे पोटाचे साधन आणि गिटार हे फावल्या वेळाचे काम, अशी ज्याची विभागणी झाली होती तो त्या वाद्याचा सर्वांत मोठा कारागीर होता, हे आपण ध्यानात ठेविले पाहिजे.

हे सारे परदेशात घडले, असे कोणी म्हणेल. तर मग मिरजेकडे पाहू. शिकलगार हा तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारा समाज. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हत्यारांची मागणी ओसरली. मिरजेची परंपरा असे सांगते की पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार ह्यांनी तंतुवाद्यांच्या कामात हात घातला. आरंभ दुरुस्तीने झाला आणि पुढे त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी मिरजेचा तानपुरा आणि सतार हिंदुस्थानभर नेली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा आणि लाकूड तुणीचे. त्यांत ज्यांच्या घराण्यात वाद्ये बनविण्याचा धंदा कधीच नव्हता अशा माणसांचे हात मिळाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आज आपण ज्याला परंपरा म्हणून गौरवितो, ती एका काळी धंदा बुडालेल्या माणसाने केलेली नवी सुरुवात होती.

त्याच परिसरात हौशी मंडळींचीही एक फळी दिसते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर म्हणून नोकरी केलेले गृहस्थ. त्यांनी तारांची लांबी मोजून श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्नेस्ट क्लेमेंट्स ह्या मुलकी अधिकाऱ्याने त्यांना साथ दिली, आणि बावीस श्रुतींची पेटी लंडनच्या एका कारखान्यातून करवून घेण्यात आली. ह्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा लाभला. स्वतः खाँसाहेब वाद्यदुरुस्तीत तरबेज होते. तानपुऱ्याची जवारी काढण्यासाठी त्यांना दुसऱ्याकडे जावे लागत नसे. पुढे १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी ह्याच घोडीचे रहस्य विज्ञानाच्या भाषेत उलगडून दाखविले. कारागीर, गवई, कारकुनी पेशातला हौशी माणूस आणि शास्त्रज्ञ हे चौघे एकाच तारेवर वाकलेले आहेत, असे हे चित्र आहे.

आता गिटारीच्या कामाचे स्वरूप पाहू. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. वाजविणारा ते सरकवून सूर दुरुस्त करतो. गिटारीचे पडदे लाकडात कायमचे ठोकलेले असतात. म्हणजे सतारीतली चूक वादक सुधारू शकतो, गिटारीतली चूक मात्र जन्मभराची. म्हणूनच येथे गणित लागते. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई ह्यांनी १५८१ मध्ये ल्यूट ह्या वाद्यासाठी अठराचा नियम सांगितला. उरलेल्या तारेचा अठरावा भाग पुढे सरकावे आणि पुढचा पडदा बसवावा. ६५० मिलिमीटर तार घेतली तर पहिला पडदा ३६.१ मिलिमीटरवर येतो. बारा वेळा असे केल्यावर ३२५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर निम्मी तार, उरावयास हवी. ती सुमारे ३२७.४ उरते. म्हणून आज अठराऐवजी १७.८१७ हा भाजक धरतात. दोन-अडीच मिलिमीटरांचा हा फरक कागदावर क्षुल्लक, पण कानाला तो खटकतो. कारखान्यात सूक्ष्ममापक हाताळलेल्या माणसाला ह्यात परके असे काय आहे?

बाकीचे काम निव्वळ सुतारीचे. तबली अडीच-तीन मिलिमीटरांपर्यंत रंधून आणावयाची, कडांच्या पातळ पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर वाकवावयाच्या, सरसाने जोडून शिकंज्यात धरावयाच्या. पोलादी तारांचा एकूण ताण सुमारे ७० ते ८० किलो असतो. एवढा ताण ती पातळ तबली आतल्या पट्ट्यांच्या बळावर सोसते. पट्ट्या जाड ठेवाव्या तर आवाज कोंडतो, फार बारीक कराव्या तर तबली फुगते. ह्या दोहोंच्या मधली जागा हाताच्या अंदाजाने सापडते, आणि हा अंदाज दोन-तीन वाद्ये बिघडल्यावाचून येत नाही. आपल्याकडे ऋतूही पाहावा लागतो. श्रावणात ओल शोषून फुगलेले लाकूड त्या वेळी जोडले, तर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ते आक्रसते आणि फळीला उभी भेग जाते. तबली चिकटविण्याचे काम पाऊस सरून हवा कोरडी झाल्यावरच हाती घ्यावे.

लाकडाची गोष्ट तर आपल्या दाराशी येऊन पोहोचते. मिरजेच्या तानपुऱ्याची तूण ही महोगनीच्या कुळातली, आणि स्पॅनिश गिटारीची दांडी ज्या सेद्रो लाकडाची करतात त्याची ती सख्खी बहीण. वनस्पतिशास्त्रज्ञ एके काळी दोहोंना एकाच वंशात धरीत. पाठीला आणि कडांना जगभर मान आहे तो शिसवाचा. पूर्वी हे लाकूड ब्राझीलचे असे. ते दुर्मिळ होऊ लागले तेव्हा १९६९ च्या सुमारास मार्टिनच्या कारखान्याने हिंदुस्थानी शिसव स्वीकारला, आणि १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला जवळजवळ पूर्ण बंदी आली. सह्याद्रीत वाढणारे हे झाड. आपल्या आजोबांचा पलंग आणि देव्हारा त्याच लाकडाचा. २०१७ पासून शिसवाच्या सर्व जातींच्या व्यापाराला परवान्याचे बंधन आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तात्पर्य, जगातल्या उत्तमोत्तम गिटारींच्या पाठीला आपल्या डोंगरचे लाकूड आहे, पण ते घडविणारे हात आपले नाहीत. हौशी माणसाला नवे झाड तोडण्याचे कारणच नाही. मोडक्या पलंगाच्या एका फळीत गिटारीची पाठ निघते, आणि पन्नास वर्षे वाळलेले लाकूड विकत घेऊ म्हटले तरी सहजी मिळत नाही.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. हौशी लोक वाद्ये करू लागले तर ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांचे काय? हा आक्षेप मार्कनॉयकिर्शनच्या व्हायोलिनवाल्यांच्या तक्रारीसारखा दिसतो, पण तसा नाही. तेथे बलिष्ठ संघ दुसऱ्याला दाराबाहेर ठेवीत होता. येथे कारागीर स्वतःच हवालदिल आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने त्याचे गिऱ्हाईक नेले आणि भोपळ्याला पुरेसा भाव देणारा ग्राहक कमी झाला. परंतु ते नुकसान हौशी माणसाने केलेले नाही. ज्याने स्वतः एक तबली रंधून पाहिली आहे, तोच मिरजेच्या वाद्याची किंमत घासाघीस न करता देईल, कारण त्या किमतीत किती दिवस आणि किती बिघडलेली लाकडे मुरली आहेत हे त्याला ठाऊक असते. कसबाची कदर ऐकून येत नाही, हात लावल्यावर येते.

आपल्याकडे हाताचे काम आणि बुद्धीचे काम ह्यांत जातीची भिंत होती. पंतोजीने रंधा धरावयाचा नाही आणि सुताराने गणित मांडावयाचे नाही, असा तो व्यवहार. गिटार ही भिंत मानीत नाही. एकाच माणसाकडून ती भाजक आणि पटाशी दोन्ही मागते. ज्या गावाने नांगर करणारा सुतार पाहिला आणि यंत्र चालविणारा कामगारही पाहिला, त्या गावात दोघांचे कसब अजून जिवंत आहे. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या एखाद्या खोलीत एक बाक, दोन रंधे, एक शिकंजा आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एवढे जरी मिळाले, तरी निवृत्त कामगार आणि दहावीतला मुलगा एका तबलीवर काम करू शकतील. पहिली गिटार बेसूर निघेल, त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. फरीदसाहेबांनी हाती घेतलेले पहिले वाद्य कसे वाजले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ते काम त्यांनी सोडले नाही, एवढे मात्र मिरज आज सांगते.