दोन चकत्या आणि एक हेडफोन



गणपतीच्या कार्यक्रमाची तयारी सुरू झाली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मुलीला डीजेचं यंत्र हवंय, कुठलं घेऊ?" तिकडे आपल्या गावी ‘डीजे’ म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. घाबरू नका. आपण बोलतोय ते घरच्या टेबलावर मावणाऱ्या, लॅपटॉपला जोडायच्या कंट्रोलरबद्दल. त्यातलं काय लागतं आणि काय नुसतं शोभेचं, हे कळायला थोडं मागे जाऊ.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू ही इमारत. जमैकाहून लहानपणी इथे आलेल्या क्लाइव्ह कॅम्बेलने, म्हणजे डीजे कूल हर्कने, बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते, म्हणून ही पार्टी. हर्कने एक गोष्ट हेरली होती. गाणारा थांबतो आणि नुसता ठेका उरतो, तेव्हा लोक सगळ्यात जास्त नाचतात. पण तो तुकडा काही सेकंदांचा. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तोच ठेका लांबवू लागला. क्लबांमध्ये दोन टर्नटेबलं आधीही होती, पण मुख्यतः एका गाण्यामागून दुसरं लावायला.

त्याच भागातल्या ग्रँडमास्टर फ्लॅशला हे जोडकाम ओबडधोबड वाटलं. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. दुसरी रेकॉर्ड लोकांना ऐकू जाण्याआधी आपल्याला हेडफोनमध्ये ऐकता यावी, यासाठी त्याने स्वतः एक स्विच बसवला, आणि नेमकी जागा सापडावी म्हणून रेकॉर्डीवर मेणखडूने खुणा केल्या. आजच्या कंट्रोलरवरचं ‘क्यू’ बटण याच कामासाठी आहे.

इथेच मी फसले होते. आमचा पहिला कंट्रोलर स्वस्त होता, दिव्यांची रोषणाईही झकास होती, पण आत साउंडकार्ड नव्हतं. लॅपटॉपमधून आवाज बाहेर जायला वाट एकच. त्यामुळे मुलगा हेडफोनमध्ये जे चाचपडत होता, ते सगळं पाहुण्यांनाही ऐकू जात होतं! तेव्हा खोक्यावर पहिल्यांदा हे वाचा: साउंडकार्ड आत आहे का, आणि हेडफोनसाठी वेगळी जागा आहे का.

आता वेग. जुन्या टर्नटेबलांत मोटर पट्ट्याने चकती फिरवायची. हाताने अडवली की पट्टा घसरे. जपानच्या टेक्निक्सने चकती थेट मोटरवर बसवली. त्यांचं एसएल-१२०० हे मॉडेल १९७२ साली आलं ते घरी निवांत गाणी ऐकणाऱ्यांसाठी. डीजेंनी ते आपलंसं केलं, आणि १९७९ च्या सुधारित मॉडेलवर वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली. पुढे २००१ साली पायोनियरच्या सीडीजे-१००० ने सीडीलाही रेकॉर्डीसारखा हात लावू दिला, आणि २००३ च्या सुमारास हर्क्युलीसचा छोटा कन्सोल घराघरांत पोचला. चकती आता खरं तर काहीच वाजवत नाही. हात कुठे हलला एवढंच लॅपटॉपला कळवते.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिंक’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की दोन्ही गाण्यांचा वेग आपोआप जुळतो. मग सरकपट्टीचं काय काम? आपल्या घरात आहे. जुनी मराठी चित्रपटगीतं, लावण्या वादकांनी एकत्र बसून वाजवलेल्या. अंतऱ्याला लय किंचित चढते, मुखड्यावर सैलावते. सॉफ्टवेअर सारख्या अंतरावर रेघा आखतं आणि मिनिटभरात चुकतं. त्या रेघा हाताने सुधारता येतात, पण कटकटीचं काम. त्यापेक्षा कान आणि बोट बरं. म्हणून सरकपट्टी लांब हवी आणि चकती हाताला मोठी, घट्ट हवी. रंगीत पॅड सोळा की आठ, याने सुरुवातीला काही फरक पडत नाही.

दुकानात जाताना आपली गाणी आणि हेडफोन बरोबर न्या. एका बाजूला जुनी लावणी लावा, दुसऱ्या बाजूला आजचं एखादं नाचाचं गाणं, सिंक बंद करा आणि मुलीला दहा मिनिटं एकटं सोडा. दुकानदार घड्याळाकडे बघेल. बघू दे.