दिनविशेष : २२ जून – गणेशखिंडीतली ती रात्र

पिंपळे गुरवहून सांगवी, औंधमार्गे पुण्याला निघालात की विद्यापीठाची उंच मनोऱ्याची दगडी इमारत लागते. ही मूळची मुंबईच्या गव्हर्नरची पावसाळी कोठी. त्याआधी हा मुक्काम आपल्या शेजारच्या दापोडीत असे. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांना तो पुरेसा वाटला नाही. १८६४ मध्ये गणेशखिंडीत काम सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईचा कापसाचा बाजार कोसळला. तिजोरीला चणचण असतानाही बांधकाम चालूच राहिले. या उधळपट्टीवर टीका झाली, ती रास्तच होती.

२२ जून १८९७ ला याच कोठीत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी होती. शहर प्लेगने आणि त्यापायी होणाऱ्या घरझडत्यांनी पोळलेले, आणि इकडे टेकड्यांवर रोषणाईच्या होळ्या! मध्यरात्री प्लेग अधिकारी वॉल्टर रँड परतीला निघाला. चिंचवडचे दामोदर चापेकर गाडीमागे धावले, मागून वर चढले आणि पडदा उचलून त्यांनी गोळी झाडली. त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर नेम धरला; तो जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मेला. दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि कोठी त्याची मुख्य इमारत ठरली. पहिले कुलगुरू होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर.