जोडलेल्या छायाचित्रांची पाठचिकित्सा

कास्पर फिलिप्सने १७६८ ते १७७१ या काळात ॲम्स्टरडॅमच्या हेरनग्राख्त व कायझर्सग्राख्त या कालव्यांवरील घरांची दर्शनी अंगे ओळीने रेखाटली. आज तेच कार्य पैलतीरावरून क्रमाने घेतलेली छायाचित्रे जोडून साधले जाते. मात्र घरांच्या भिंती एका प्रतलात जुळविल्या, की त्यांपुढील झाडे व होड्या दुणावतात किंवा तुटतात. त्या ठेवाव्या की पुसाव्या, हे संपादकास ठरवावे लागते. असे दृश्य कोणीही एका स्थळावरून, एका क्षणी पाहिलेले नसते. म्हणून अभ्यासकाने ते प्रत्यक्ष साक्ष न मानता, अनेक हस्तलिखितांवरून सिद्ध केलेल्या संहितेप्रमाणे वाचावे. संपादकानेही मूळ छायाचित्रे व वगळलेल्या भागांची नोंद जपावी. एरव्ही झाड तेथे नव्हतेच की पुसले गेले, हे पुढील पिढीस सांगता येणार नाही.