मांजराचीं नखें आणि मुंबईची भूतदया

श्रोतेहो, मी आज ज्या विषयावर बोलणार आहे, तो ऐकून आपणांपैकीं कांहींना हसूं येईल. मांजराच्या नखांवर भाषण तें काय करावयाचें! परंतु जे प्रश्न आपण हसण्यावारी नेतों, त्यांच्या पोटीं पुष्कळदां मोठे प्रश्न दडलेले असतात, असा शिक्षकाच्या धंद्यांतला माझा जुना अनुभव आहे.

मुलुंडास आमच्या शेजारीं एक सुशिक्षित कुटुंब राहतें. त्यांच्या मांजरानें नव्या कोचाचें कापड ओरबाडून काढलें. गृहस्थ पूर्वीं कांहीं वर्षें अमेरिकेंत राहून आलेले. ते मला म्हणाले, "मास्तर, तिकडे आमच्या ओळखीच्या एका घरीं मांजराचीं नखें डॉक्टरकडून कायमचीं काढून घेतलीं होतीं. आपल्याकडे कोणी काढून देईल का हो?" मला त्या वेळीं कांहीं सुचलें नाहीं. "बघूं," एवढेंच म्हणून मी घरीं आलों. पण तें 'बघूं' रात्रीं मला स्वस्थ झोप येऊं देईना.

'नखें काढणें' हा शब्दप्रयोगच मुळीं फसवा आहे. मांजराचें नख बोटाच्या शेवटच्या हाडाला जखडलेलें असून तेथूनच तें वाढतें. तें पुन्हां उगवूं नये, म्हणून तें हाडच सांध्यापासून तोडून काढावें लागतें. केवळ पुढच्या दोन पायांचीं नखें काढावयाचीं म्हटलीं, तरी अशीं दहा हाडें जातात. आपल्या हाताच्या दहाहि बोटांचीं शेवटचीं पेरें छाटलीं, तर जें होईल तें हें! शिवाय मांजर हें बोटांवर भार देऊन चालणारें जनावर. त्यामुळें तोडलेल्या पायांनीं टाकलेलें पाऊल त्याला दुखतें. अशीं कित्येक मांजरें पुढें मलमूत्रासाठीं ठेवलेल्या वाळूंत पाय घालीनाशीं होतात, आणि नखांचें शस्त्र गेल्यामुळें दांतांचा आश्रय करतात. आणि हें सर्व कशासाठीं? तर ओरबाडण्याची खोड मोडावी म्हणून. वास्तविक ती खोड नव्हेच. नखांवरची जुनी साल काढणें, अंग ताणणें आणि जागेवर आपला वास ठेवणें हा त्या प्राण्याचा स्वभावधर्म आहे.

आतां या प्रश्नाकडे मुंबईच्या इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं. मुक्या प्राण्यांसाठीं या शहरानें पूर्वीं मोठ्यानें तोंड उघडलेलें आहे. त्या काळीं उन्हाळ्यांत भटकीं कुत्रीं मारण्याचा सरकारी हुकूम निघे आणि प्रत्येक कुत्र्यामागें मारणारास आठ आणे मिळत. १८३२ च्या जून महिन्याच्या ६ तारखेस, पारशांच्या एका पवित्र दिवशीं, कोटांत पारशी मंडळींनीं कुत्रीं पकडणाऱ्या शिपायांवर चाल केली. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद झालीं, कुलाब्याच्या लष्कराची रसद अडली, आणि हिंदु, जैन, मुसलमान असे इतर समाजांतले लोकहि त्यांत सामील झाले. शेवटीं लष्कर बोलवावें लागलें. दांडगाईचें समर्थन मी करणार नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याची भीति कांहीं खोटी नव्हती. पण पुढें लोकांनीं अर्ज केले, जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्यांनीं मध्यस्थी केली, आणि कुत्रीं मारण्याऐवजीं शहराबाहेर नेण्याची तोड निघाली. दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी व अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

१८७४ सालीं प्राण्यांवरील निर्दयतेचें निवारण करणारी संस्था मुंबईंत निघाली. परळास दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानांतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नांवानें जनावरांचें रुग्णालय झालें. १८८६ सालीं त्याच्याच आश्रयानें पशुवैद्यकाचें महाविद्यालय सुरू झालें. जनावराला दुखतें आणि त्या दुखण्यावर विद्या शिकून इलाज करावा, ही गोष्ट मुंबईनें अशा रीतीनें मान्य केली.

कायदा मात्र सावकाश आला. १८९० सालचा कायदा मुळांत रस्त्यावर किंवा चारचौघांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणीं होणाऱ्या निर्दयतेपुरता होता. लंगड्या घोड्याला चाबूक मारणारा टांगेवाला त्यांत सांपडे. बंद दाराआडचा सुशिक्षित गृहस्थ सांपडत नसे. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेंत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं या प्रश्नावर विधेयक मांडलें, आणि त्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमांत जनावराचा अंगच्छेद करणें हा गुन्हा ठरविला आहे. ठरलेल्या रीतीनें गुरांचीं शिंगें काढणें, खच्ची करणें, डाग देणें, वेसण घालणें अशा कांहीं गोष्टी त्या कलमांतून वगळल्या आहेत. शेतकऱ्याच्या गरजेसाठीं दिलेल्या या सवलतींत मांजराच्या बोटांचें नांव कोठेंहि नाहीं. पण नखें काढण्याचें नांव घेऊन केलेली मनाईहि त्यांत नाहीं. आणि पहिल्या गुन्ह्यास दंड लिहिला तो दहा ते पन्नास रुपये! एवढ्या दंडाच्या भीतीनें कोण थांबेल? थांबेल तो शेजाऱ्यानें वेळेवर दोन शब्द सांगितले तर.

परदेशांतहि असेंच घडलें आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेंत ही शस्त्रक्रिया घरोघरच्या सोयीची बाब होऊन बसली. युरोपांत १९८७ सालच्या स्ट्रासबर्गच्या करारानें पाळीव प्राण्यांचीं नखें काढण्यास मनाई केली. अमेरिकेंत २००३ सालीं वेस्ट हॉलिवुड या लहानशा शहरानें प्रथम ती बंद केली, तेव्हां कॅलिफोर्नियाच्या पशुवैद्यांची संघटनाच त्या शहराविरुद्ध न्यायालयांत गेली. २००७ सालीं वरिष्ठ न्यायालयानें शहराच्या बाजूनें निकाल दिला, आणि २०१९ सालीं न्यूयॉर्क संस्थानानेंहि ही क्रिया बंद केली. जे लोक प्रथम बोलले, त्यांना त्यांच्याच देशांतल्या जाणत्यांचा विरोध सोसावा लागला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

श्रोतेहो, १८३२ सालीं एका बाजूला प्राण्याचा जीव होता, तर दुसऱ्या बाजूला माणसाच्या जिवाची भीति होती. तरीहि आपल्या पूर्वजांनीं मधला मार्ग शोधला. आमच्या शेजारच्या घरीं दुसऱ्या बाजूला काय आहे? कोचाचें कापड! मग आपणांस मार्ग शोधणें जड कां जावें? रस्त्यावरची क्रूरता सर्वांना दिसते, तिच्याविरुद्ध बोलणारेहि मिळतात. दिवाणखान्यांतली क्रूरता मात्र नीटनेटकी असते, तिला डॉक्टरची पावती असते, आणि ती करणारा बहुधा आपला सज्जन स्नेही असतो. म्हणूनच तेथें जीभ रेटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी शेजाऱ्यांकडे गेलों आणि वर सांगितलें तें सर्व त्यांना सांगितलें. प्रथम त्यांचा चेहरा उतरला. "हाड तोडतात, हें आम्हांला कोणी बोललेंच नव्हतें," असें त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांच्या स्वरांत राग नव्हता, आश्चर्य होतें. नंतर आम्ही सुताराकडून हातभर उंचीचा जाड लांकडी खांब रुंद बैठकीवर ठोकून घेतला, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली आणि तो कोचाच्या शेजारींच ठेवला. दर पंधरा दिवसांनीं नखांचीं पारदर्शक टोकें तेवढीं कापावयाचीं, आंतल्या गुलाबी भागास धक्का लावावयाचा नाहीं, हेंहि त्यांनीं पशुवैद्याकडून शिकून घेतलें. मांजर बहुतेक वेळां आतां त्या खांबावरच नखें घासतें. बहुतेक वेळां, नेहमीं नव्हे. कोचाच्या एका कोपऱ्याला अजून ठिगळ आहे, आणि आल्यागेल्यापासून तें लपविण्याची खटपट त्या घरीं आतां कोणी करीत नाहीं.

इतकें सांगून मी आपली रजा घेतों. आपणांस उद्यां कोणी असाच प्रश्न विचारला, तर माझ्यासारखें 'बघूं' म्हणूं नका, एवढीच विनंति.