वर्णन आणि वर्चस्व : कर्जत-खालापूर परिसरातील कातकरी समाज व वसाहतकालीन लेखन

प्रस्तावना

वंश आणि सत्ता यांच्या संबंधाचा विचार निघाला की अभ्यासकांचे लक्ष सहसा अमेरिका वा दक्षिण आफ्रिकेकडे जाते. तथापि सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांतही हा संबंध कागदोपत्री तपासता येतो. प्रस्तुत लेखात कातकरी समाजाविषयीचे वसाहतकालीन लेखन व तत्कालीन कायदे एकत्र वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

गॅझेटिअर आणि कायदा

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे खंड १८८२ मध्ये व कुलाबा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्जत त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. १८९१ मध्ये ते कुलाब्यात आले. या खंडांत शरीराची ठेवण, वर्ण, आहार व स्वभाव यांची नोंद एकाच ओघात येते. त्यामुळे चोरी व मद्यपान हे परिस्थितीचे परिणाम न ठरता जमातीचे जन्मजात गुणधर्म भासू लागतात.

वास्तविक कातकरी हे नाव खैरापासून कात काढण्याच्या व्यवसायाशी जोडले जाते. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरील सरकारी नियंत्रण दृढ केले. त्याच वर्षीच्या अबकारी कायद्याने घरगुती मद्यनिर्मितीला आळा घातला, तर १८९२ च्या मोहडा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आणले. अन्न व पेय म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वेचलेले फूल गुन्ह्याचा पुरावा ठरले. गुन्हेगारीचे वर्णन आणि गुन्ह्याची निर्मिती या दोन्ही गोष्टी एकाच राज्ययंत्रणेच्या हातून घडल्या, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

वंशसिद्धान्ताचा प्रतिवाद

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापावरून जातींची वांशिक प्रतवारी मांडली. मराठी विचारविश्वाने वंशाची ही भाषा निमूटपणे स्वीकारली नाही. जोतीराव फुले यांनी तत्पूर्वीच, १८७३ मध्ये, ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला आणि आर्य आक्रमणाची कल्पना उलटवून ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध वापरली. गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लेच्या निष्कर्षांची चिकित्सा केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिभेद हा वंशभेद नव्हे असे प्रतिपादन केले. फुले यांनी वंशाचे शस्त्र प्रतिपक्षावर फिरवले. आंबेडकरांनी ते शस्त्रच नाकारले.

या चर्चेत कातकरी मात्र प्रामुख्याने अभ्यासविषयच राहिले. अ. ना. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील ग्रंथ १९३४ चा, तर ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ १९६० चा. दोन्ही मोलाचे, परंतु दोहोंत बोलणारा बाहेरचाच आहे.

निष्कर्ष

कातकरी आज महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक गणले जातात. ‘आदिम’ हा शब्द हक्काचे साधन झाला असला, तरी जुन्या प्रतवारीची छाया त्यावर आहेच. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत वनवासी समाजांवरील ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे. या कायद्यानुसार दाव्यांच्या पडताळणीत गावातील वडीलधाऱ्यांचे कथनही पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते. आपल्या महाविद्यालयांत स्थानिक इतिहासासाठी गॅझेटिअर प्रमाण मानून उतरवले जाते. ते समाजाचा आरसा म्हणून न वाचता सत्तेचा दस्तऐवज म्हणून वाचणे आणि त्याच्या शेजारी वाडीवरील मौखिक साक्ष ठेवणे, ही इतिहास व साहित्य या दोन्ही विभागांची संयुक्त जबाबदारी होय.