मीटरची साक्ष : मुंबईतील वीजमोजणीचा इतिहास

धान्य घरी नेऊन पुन्हा तोलता येते, कापड पुन्हा मोजता येते. एकदा वापरलेली वीज मात्र पुन्हा मोजता येत नाही. त्यामुळे विजेच्या व्यापारात विक्रेता आणि ग्राहक यांच्यामध्ये मीटर हा एकमेव साक्षीदार उरतो, आणि ही साक्ष कोणी वाचावी, कोणी तपासावी व तिच्याविषयी शंका आल्यास दाद कोणाकडे मागावी, हे प्रश्न वीजमोजणीच्या इतिहासात आरंभापासून विचारले गेले आहेत. मुंबईत आणि महाराष्ट्राच्या इतर शहरांत स्मार्ट मीटरांवरून अलीकडे जो वाद उभा राहिला, त्याचे मूळही याच प्रश्नांत आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. विजेचा पहिला प्रयोग १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात झाला. परंतु त्यासाठी महापालिकेने ज्या ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला होता, तिचे पुढच्याच वर्षी दिवाळे निघाले आणि शहर पुन्हा गॅसकडे वळले. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी, म्हणजे आजच्या ‘बेस्ट’ची पूर्वज संस्था, १९०५ साली स्थापन झाली, त्याच वर्षी वाडीबंदर येथे तिचे वीजनिर्मिती केंद्र उभे राहिले आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. वीजपुरवठा हा शहरातील कायमचा व्यवसाय झाला तो येथपासून, आणि घराघरांतील वापर स्वतंत्रपणे मोजण्याची गरजही तेव्हाच निर्माण झाली.

मुंबईला या उशिराचा एक लाभ मिळाला. वीजविक्रीच्या पहिल्या वर्षांत, विशेषतः अमेरिकेत, दिव्यांच्या संख्येवर ठरावीक रक्कम आकारली जात असे. थॉमस एडिसन याने त्यावर रासायनिक मीटरचा उपाय काढला : जस्ताच्या संयुगाच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवून त्यांतून विजेचा लहानसा ठरावीक अंश वाहू दिला, की एका पट्टीवरील जस्त दुसरीवर जमा होत असे आणि वजनातील फरकावरून वापर काढता येत असे. पद्धत शास्त्रीयदृष्ट्या पक्की होती, तरी तीत एक मोठा दोष होता. कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, त्या कंपनीतच धुऊन, वाळवून तोलल्या जात आणि ग्राहकाच्या हाती येई ती केवळ रक्कम. त्याच्या घरी बसवलेल्या उपकरणातून त्याला स्वतःला काहीच वाचता येत नव्हते. १८८८–८९ च्या सुमारास अमेरिकेत ऑलिव्हर शॅलेनबर्गर आणि हंगेरीत ओटो ब्लाथी यांनी फिरत्या चकतीची तत्त्वे मीटरात आणली, आणि मुंबईत घरगुती पुरवठा सुरू होईपर्यंत हे तंत्र परिपक्व झाले होते.

पुढे जवळजवळ संपूर्ण विसाव्या शतकात भारतीय घरांत टिकलेल्या या प्रवर्तन मीटरची, म्हणजे विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालणाऱ्या मीटरची, रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यात दोन वेटोळी असतात. बारीक तारेच्या पुष्कळ वेढ्यांचे एक वेटोळे विजेच्या दाबाला आणि जाड तारेच्या थोड्या वेढ्यांचे दुसरे प्रवाहाला प्रतिसाद देते, आणि दोघांच्या चुंबकीय क्षेत्रांच्या संयोगाने मधली ॲल्युमिनियमची चकती फिरते. एक कायमचुंबक या चकतीला रोध करतो, त्यामुळे तिचा वेग वापरल्या जाणाऱ्या विद्युत्‌शक्तीच्या प्रमाणात राहतो, आणि तिच्या आसाला जोडलेली दाते असलेली चाके फेऱ्यांची बेरीज अंकांत दाखवतात. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक किलोवॅट-तास, म्हणजेच बोलीतले एक ‘युनिट’, भरते, आणि एका युनिटसाठी चकतीच्या किती फेऱ्या व्हाव्यात हे मीटरच्या पाटीवर छापलेले असते.

या यंत्राचे खरे महत्त्व त्याच्या काचेत होते. जिन्याखालच्या मीटर पेटीसमोर उभा राहणारा साधा, अल्पशिक्षित भाडेकरूही अंक टिपून ठेवू शकत होता, घरातील सगळे दिवे बंद केल्यावर चकती थांबते की नाही हे पाहू शकत होता, आणि मीटर रीडर रीडिंग घेण्यास आला की ते आपल्या आकड्याशी ताडून पाहू शकत होता. मीटर कंपनीचे, सीलही कंपनीचे, पण वाचन दोघांचे, अशी ही व्यवस्था होती, आणि तिच्यामुळे वीजव्यवहारात आलेला विश्वास कोणत्याही जाहिरातीने येण्यासारखा नव्हता.

कायद्याने या विश्वासाला आधार दिला. १९१० च्या भारतीय वीज अधिनियमाच्या २६ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पुरवलेली वीज ‘अचूक’ मीटरनेच ठरवायची होती, आणि मीटर अचूक आहे की नाही याविषयी वाद झाल्यास त्याचा निर्णय कंपनीने नव्हे, तर विद्युत निरीक्षक या सरकारी अधिकाऱ्याने द्यायचा होता. मीटर सदोष ठरल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या काळापुरता वापराचा अंदाजही तोच करी. वसाहतकालीन कायद्यांविषयी फारसे चांगले बोलले जात नाही, आणि ते बहुतांशी योग्यच आहे. तरीही विक्रेत्याच्या उपकरणावर तिऱ्हाइताची नजर असलीच पाहिजे, हे तत्त्व त्या कलमात स्पष्टपणे मांडले गेले होते.

वीज कंपन्यांच्या आपसांतील व्यवहारात तर याहून अधिक दक्षता घेतली जाते. १९१५ पासून टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली, आणि १९२६ पासून ‘बेस्ट’ने स्वतः वीज निर्माण करण्याऐवजी टाटांकडून घाऊक वीज घेऊन ती वितरित करण्याचे धोरण स्वीकारले. घाऊक व्यवहारात मुख्य मीटरबरोबर ‘चेक मीटर’, म्हणजे पडताळणीचा दुसरा मीटर, बसवण्याची पद्धत रूढ आहे, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटरविषयक विनियमांतही ती नोंदलेली आहे. घाऊक व्यवहारात एकाच मीटरच्या साक्षीवर कोणी विसंबून राहत नाही. घरगुती ग्राहकाने मात्र एकाच मीटरवर समाधान मानावे, अशी अपेक्षा दीर्घकाळ राहिली.

उपनगरांसाठी १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी आली, १९४७ च्या ऑगस्टमध्ये ‘बेस्ट’ महापालिकेच्या ताब्यात गेली आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले; या स्थित्यंतरांत मालकी बदलत राहिली तरी भिंतीवरची चकती तशीच फिरत होती. बदल झाला तो इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर. त्यात फिरणारा भाग नसतो; दाब आणि प्रवाह यांचे सेकंदाला अनेक वेळा नमुने घेऊन एक चिप गुणाकार करते, आणि चकतीची जागा लुकलुकणारा छोटा लाल दिवा घेतो. जुन्या मीटराची चकती धुळीने, गंजाने आणि आसाच्या घर्षणाने कालांतराने मंदावत असे व अगदी अल्प प्रवाहाला ती हलतही नसे. नव्या मीटराने तोही वापर टिपल्यामुळे काही घरांची बिले दोन्ही मीटर प्रामाणिक असूनही वाढली. हे कारण ग्राहकांना वेळीच आणि सोप्या भाषेत समजावून सांगितले गेले असते, तर नव्या मीटरांविषयीचा पुष्कळसा संशय टळला असता.

याच सुमारास कायदाही बदलला. २००३ च्या वीज अधिनियमाने मीटरशिवाय पुरवठा करण्यास मनाई केली आणि ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच व विद्युत लोकपाल यांची सोय केली, परंतु मीटरच्या अचूकतेचा निर्णय विद्युत निरीक्षकाकडे सोपवणारे जुने कलम नव्या कायद्यात आले नाही.

स्मार्ट मीटर हा या साखळीतील पुढचा टप्पा. भारतीय मानक १६४४४ या नावाने २०१५ मध्ये त्याचे स्वरूप निश्चित झाले. हा मीटर ठरावीक काळाने वापराची नोंद करून ती रेडिओ लहरींनी किंवा मोबाइल जाळ्यातून वितरण कंपनीच्या संगणकाकडे पाठवतो आणि तिकडून आलेल्या आज्ञेने आतील स्वयंचलित कळ उघडून पुरवठा तोडू किंवा पुन्हा जोडू शकतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचे उद्दिष्ट ठेवले. महावितरण या राज्याच्या वीज वितरण कंपनीने २०२३ मध्ये त्यासाठी खासगी कंपन्यांना कंत्राटे दिली आणि ‘बेस्ट’च्या क्षेत्रातही असेच कंत्राट दिले गेले. आधी पैसे भरून मग वीज वापरण्याच्या कल्पनेला, दुरून पुरवठा तोडला जाण्याच्या भीतीला आणि खासगीकरणाच्या शंकेला धरून राज्यात विरोध वाढला. जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांकडे असे प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत असे जाहीर केले, आणि त्यानंतर महावितरणने नंतर बिल भरण्याच्या पद्धतीचे ‘टीओडी मीटर’ बसवण्यास प्रारंभ केला. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर. सौर वीज मुबलक असलेल्या वेळी स्वस्त आणि मागणीच्या वेळी महाग.

या तंत्राचे लाभ खरे आहेत. रीडिंग न घेताच पाठवलेली सरासरी बिले, चुकलेले आकडे आणि वीजचोरीचा प्रामाणिक ग्राहकांवर पडणारा भार यांवर त्याचा उपयोग होऊ शकतो. परंतु सकाळी वापरलेल्या आणि संध्याकाळी वापरलेल्या युनिटची किंमत वेगळी झाली, की एकूण आकडा वाचून बिल पडताळणे ग्राहकाला शक्य राहत नाही. वाचन पुन्हा कंपनीकडे जाते, एडिसनच्या पट्ट्या गेल्या होत्या तसेच. मीटर बदलण्याच्या मोहिमेपूर्वी स्वतंत्र तपासणीची व्यवस्था वाढवणे हा म्हणूनच योग्य क्रम होता, आणि तो पाळला न गेल्यामुळे विरोधाला बळ मिळाले.

ग्राहकाच्या हाती आज एक साधन निश्चितपणे आहे, आणि त्याची माहिती प्रत्येक मीटरधारकापर्यंत पोहोचायला हवी : वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, मीटरचे रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार केल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांच्या आत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवणे आणि तो किमान तीन महिने ठेवणे बंधनकारक आहे.